उगवला का तिकडं?

नागपूरहून बाबांचा फोन रोज सकाळी येतो. वेळ घड्याळाने ठरलेली नाही. खामल्यातल्या घराच्या गच्चीवर ते उभे असतात आणि समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्याला सूर्य टेकला की फोन लावतात. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. पहिलं वाक्य वर्षानुवर्षं एकच, ‘‘उगवला का बेटा तिकडं?’’

मी मुलुंडला, पूर्वेच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभी असते. समोर मिठागरं, त्यांच्यापलीकडे खाडी, आणि खाडीवरचं आभाळ अजून राखाडी. ‘‘नाही बाबा, अजून वेळ आहे.’’ ‘‘इथं तर आला,’’ ते म्हणतात. पाहुणा आधी आपल्या दारात आला याचा आनंद त्या तीन शब्दांत मावत नाही. मग आईची तब्येत, बँकेतली पेन्शनची रांग, कूलरला नवा वाळा लावला की नाही, कोणाच्या घरी लग्न निघालं, असं एकेक निघत जातं. बोलता बोलता मिठागराच्या पाण्यावर तांबूस रेघ उमटते, खाडीपलीकडून सूर्याची कड वर येते आणि मी म्हणते, ‘‘आला बाबा.’’

‘‘आला ना? चल, ठेवतो मग.’’

सूर्याला नागपूरहून मुलुंडला पोचायला जितका वेळ लागतो, तितका वेळ आम्ही बाप-लेक बोलतो. हे कोणी ठरवलं नव्हतं, होत गेलं. नकाशा उघडून बसल्यावर मला त्यातलं गणित कळलं. नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पुढे, मुंबई ७३ अंशांच्या किंचित मागे. मधलं अंतर सहा अंशांहून थोडं जास्त. एक अंश ओलांडायला सूर्याला चार मिनिटं लागतात, म्हणजे झाली साधारण पंचवीस मिनिटं. नागपूर मुंबईच्या थोडं उत्तरेलाही आहे, त्यामुळे हा आकडा वर्षभर सारखा राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य वीस-एकवीस मिनिटांत इकडे येतो. मे-जूनमध्ये त्याला अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटं लागतात. उन्हाळ्यात आमच्या गप्पा लांबतात आणि हिवाळ्यात आटोपत्या होतात, हे आईच्या आधीच लक्षात आलं होतं. ‘‘थंडीत तुम्ही लवकर फोन ठेवता,’’ ती बाबांना म्हणायची. त्यांना वाटायचं, गच्चीवर गार लागतं म्हणून.

दोन्ही शहरांत घड्याळ एकच आहे. ते ८२.५ अंश रेखांशावरचं, नागपूरच्याही बरंच पूर्वेकडचं. १९०६ साली देशासाठी ही एक वेळ ठरली, तरी मुंबईने आपली जुनी वेळ लगेच सोडली नाही. प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबईची वेळ’ या शहराने १९५५ पर्यंत जपली. बाबांचा जन्म १९४०चा, म्हणजे ते शाळेत जायला लागले तेव्हा मुंबईत काही घड्याळं अजून मुंबईच्या सूर्यावर चालत होती. लोकांनी हट्ट का धरला असेल, हे मला सकाळच्या त्या फोनमुळे समजतं. घड्याळ एक केलं तरी उजाडायचं तेव्हाच उजाडतं.

लग्न होऊन मी मुंबईला आले १९९६ साली. तेव्हा माहेर किती लांब, असं इथे कोणी विचारलं की मी सांगायची, ‘‘एक रात्र.’’ किलोमीटर माझ्या डोक्यात नव्हतेच. रेल्वेने मुंबई ते नागपूर ८३७ किलोमीटर आहे, हे मी पुढे कधीतरी तिकिटाच्या कोपऱ्यात वाचलं. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सुटायची. कल्याण गेलं की डबे उघडायचे, पोळी-भाजीचा आणि लसणाच्या चटणीचा वास डबाभर व्हायचा. कसाऱ्याला गाडी थांबली की मागे इंजिनं लागत आणि घाट चढताना त्यांचा जोर पाठीत जाणवे. इगतपुरीला गार हवा, मनमाडला चहाचा ओरडा. भुसावळ आलं की झोपेतही कळायचं, कारण तिथला थांबा लांब. शेगावला बर्थवरून दोन-चार हात जोडले जात, अकोल्यापासून उजाडायला लागे, आणि बडनेऱ्याला माणसं आपल्यासारखं बोलताहेत असं कानाला पहिल्यांदा वाटे. कोणीतरी म्हणे, ‘‘काहून गर्दी करून राहिले भाऊ?’’ आणि माझं माहेर तिथेच सुरू व्हायचं. वर्धा, सेवाग्राम, मग नागपूर. प्लॅटफॉर्मवर बाबा, हातात थर्मास.

ही गाडी ज्या वाटेने जाते ती वाट फार जुनी. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर धावलेली आगगाडी नागपूरला पोचायला १८६७ साल उजाडावं लागलं. मधले सह्याद्रीचे घाट फोडायला हजारो माणसं राबली, कित्येक मेली. थळ घाटातला तो जोर पाठीत जाणवला की त्यांची आठवण होते. ज्यांच्या हातांनी माझं माहेर एका रात्रीच्या अंतरावर आणून ठेवलं, त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत.

दगडावरून आठवलं. नागपुरात झीरो माइलचा खांब आहे. वालुकाश्माचा उभा खांब आणि शेजारी चार घोडे. देशाचं मध्य म्हणून आम्हा मुलांना ते दाखवलं जाई. प्रत्यक्षात तो खांब भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण आहे, समुद्रसपाटीपासून उंची मोजण्याची. शेजारच्या षट्कोनी दगडावर गावांची नावं आणि मैल कोरलेत. बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथे नेलं होतं आणि बोटाने अक्षरं वाचून दाखवली होती. हैदराबाद ३१८. जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा. मी सगळ्या बाजूंनी फिरून आले.

‘‘बाबा, यात मुंबई कुठी आहे?’’

‘‘नाही त्याच्यात.’’

‘‘काहून?’’

बाबांनी उत्तर दिलं नाही. आज वाटतं, उत्तर सरळ होतं. ज्या काळात तो दगड लागला, त्या काळात नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती आणि त्याचं तोंड जबलपूर-रायपूरकडे होतं. मुंबई वेगळ्या इलाख्याची. पुढे १९५३चा नागपूर करार झाला, राज्यं नव्याने आखली गेली, राजधानीचं शहर राजधानी राहिलं नाही, आणि ज्या गावाचं नाव दगडावर कोरायची गरज पडली नव्हती तिथे सगळे कागद जाऊ लागले. मंत्रालयात काम असलं की वऱ्हाडातला माणूस अजूनही दोन रात्री गाडीत घालवतो, एक जायची आणि एक यायची. ते अंतर वेगळंच आहे. हिवाळी अधिवेशनाचे काही दिवस मुंबई नागपूरला येते, एरवी जायचं ते नागपूरनेच.

बाबांना मात्र मुंबई लांब वाटायची नाही. ते टपाल खात्यात होते, आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर. लागले ते १९६२ साली, आणि पहिली कित्येक वर्षं त्यांची ड्यूटी सोनेगावच्या विमानतळावर, रात्रीची. आज फार थोड्यांना आठवत असेल, पण त्या काळी देशभरच्या पत्रांचं हृदय रोज मध्यरात्री नागपुरात धडधडत असे. ३० जानेवारी १९४९ला रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. संध्याकाळनंतर मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून चार विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची. चौघांनी आणलेल्या थैल्या उतरायच्या, एकमेकांत वाटल्या जायच्या, आणि तासा-दोन तासांत चारही विमानं आपापल्या गावाकडे परत फिरायची. पहाटे ती घरी. त्याच वर्षी एप्रिलपासून साध्या पत्रालाही जादा पैसे न घेता विमानातली जागा मिळू लागली. मुंबईत आज संध्याकाळी टाकलेलं पाकीट उद्या कलकत्त्यात, ते नागपूरच्या रात्रीतून जाऊन.

सुरुवातीला डकोटा विमानं होती. ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर त्यांचा वेग, म्हणजे मुंबईहून अडीच तास. बाबा लागले तेव्हा चार इंजिनांची मोठी विमानं आली होती, पण जुनी माणसं आवाजाच्या आठवणी सांगत. बाबांनाही पुढे आवाज कळायला लागले. दिल्लीचं आलं, मद्रासचं आलं, असं ते शेडमधून न बघता सांगत, हे मला त्यांच्या सोबतच्या एका काकांनी सांगितलं. विमान थांबलं की थैल्या खाली येत. प्रत्येक थैलीच्या गळ्याला सुतळीचे घट्ट वेढे, गाठीवर लाखेचा लाल थेंब, थेंबावर पितळी मोहोरेचा ठसा. आधी ठसा बघायचा, शाबूत आहे ना, मग सुतळी कापायची, मग पत्रं. बाबांच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर सुतळीने पडलेला घट्टा अजून आहे. मी लहानपणी तो दाबून बघायची. त्यांच्या कपड्यांना तागाचा आणि जळक्या लाखेचा वास यायचा, आणि मला वाटायचं मुंबईचा वास असाच असणार.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती सेवा बंद पडली. मी १९७१ची. बाबांच्या रात्रपाळीतलं मला काही आठवत नाही, सगळं ऐकलेलं. पण त्यांच्याकडून एक सवय मला आली. मुंबई किती लांब, असं विचारलं तर ते कधी मैल सांगत नसत. ‘‘आज टाकलं तर उद्या,’’ एवढंच म्हणत.

मी पहिल्यांदा विमानाने माहेरी गेले ते २००६ साली. विमानाचं तिकीट तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यात यायला लागलं होतं. तिकिटावर लिहिलं होतं, एक तास तीस मिनिटं. मला ते खरंच वाटेना. एक रात्र कुठे आणि दीड तास कुठे! बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘दीड तास कशाचा? मुंबईहून इथवर हवेत जेमतेम सातशे किलोमीटरही नाही. विमान आठशेनं चालते. हिशोब कर.’’ हिशोब केला तर पन्नास-बावन्न मिनिटं निघाली. उरलेली मिनिटं कुठे जातात, याचा शोध आम्ही दोघांनी मिळून पुढची कितीतरी वर्षं घेतला. मी प्रत्येक प्रवासात बघायची आणि घरी जाऊन त्यांना सांगायची.

सरळ हवाई अंतर ६८० किलोमीटरच्या आसपास आहे. वैमानिक ते नॉटिकल मैलांत मोजतात, साधारण ३६८. एक नॉटिकल मैल म्हणजे पृथ्वीच्या वर्तुळावरच्या अंशाचा साठावा भाग, आपल्या जुन्या ज्योतिषाच्या भाषेत एक कला. हे मला समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या शब्दापाशी थांबले होते. माझ्या आणि आईबाबांच्या मध्ये ३६८ कला आहेत, आणि पृथ्वीचा पुरा वेढा २१,६०० कलांचा. कला पृथ्वीच्या गोलाईतून निघते.

आता ती मिनिटं. तिकिटावरची वेळ विमान उडाल्यापासून मोजत नाहीत. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढले की वेळ सुरू होते, आणि पोचल्यावर पुन्हा ठोकळे लागले की संपते. एकदा पंखाच्या मागची खिडकी मिळाली होती. खाली पिवळं जाकीट घातलेला एक मुलगा आला, वाकला, चाकामागचा ठोकळा दोरीने ओढून काढला आणि खांद्याला लावून चालू लागला. काही पावलं गेल्यावर त्याने मागे वळून बघितलं, अंगठा वर केला. कोणासाठी ते कळलं नाही. मी खिडकीतून हात केला. बाबांना सांगितलं तर ते खूश झाले, ‘‘म्हणजे सील तोडल्यासारखंच!’’

त्यानंतर रांग. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी बहुतेक एकच वापरात. आपल्यापुढे सहा-सात विमानं उभी असतात. पुढे मोठी गंमत आहे. वारा बहुतेक समुद्रावरून येतो, आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. म्हणून पूर्वेच्या नागपूरला निघालेलं विमान आधी पश्चिमेला झेपावतं. जुहूचा किनारा खाली जातो, फक्त पाणी दिसतं, आणि मग ते पंख तिरका करून वळतं. ज्या दिशेला जायचं तिला पाठ करूनच निघावं लागतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी सणाला माहेरी निघताना मी सासूबाईंच्या पाया पडायला उलटी आत गेले होते, ते मला तिथे हमखास आठवतं.

वळल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सह्याद्री. पावसाळ्यानंतर त्याचे कडे ओले काळे दिसतात, आणि कडा संपला की एकदम सपाट, तपकिरी, चौकटी-चौकटींचा महाराष्ट्र. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ छत्रपती संभाजीनगरावरून जाते. उजव्या हाताला जायकवाडीचं पाणी चकाकतं. पुढे हवा स्वच्छ असली तर, आणि नशीब असलं तर, लोणारचं वर्तुळ. पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर दहा किलोमीटर उंचीवरून कुंकवाच्या करंड्याएवढं दिसतं. आकाशातून एक दगड आला, तो इथे पोचला. मला ते दोनदाच दिसलं. दोन्ही वेळा खाली उतरेपर्यंत बोलावंसं वाटलं नाही.

बाबांचा आवडता प्रश्न होता, समोरून येणारं विमान धडकत कसं नाही? ते मी एका वैमानिकाला विचारलं. तो रजेवर घरी चालला होता, माझ्या शेजारी बसला होता, आणि त्याने हौसेने सांगितलं. पूर्वेला जाणारी विमानं विषम हजारांवर उडतात, तेहतीस, पस्तीस हजार फूट; पश्चिमेला जाणारी सम हजारांवर, चौतीस, छत्तीस. मध्ये हजार फूट, म्हणजे तीनशे मीटर. मी नागपूरला जाते तेव्हा नागपूरहून कोणी मुंबईला येत असतं आणि तीनशे मीटरवरून आम्ही एकमेकांना ओलांडतो. वाऱ्याचंही त्यानेच सांगितलं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, माहेरी जायला तो पाठीशी. पावसाळ्यात त्या उंचीवर वारा फिरतो, पूर्वेकडून येतो, आणि मग परतीची वाट थोडी लवकर सरते. मिनिटं चार-पाचच इकडे-तिकडे होतात. पण श्रावणात माहेरची वाट लांब आणि परतीची आखूड होते, हे ऐकून जात्यावर बसलेल्या माझ्या आजीने काय ओवी रचली असती असं मनात आलं. तिचं माहेर बैलगाडीने दोन दिवसांवर होतं.

हे सगळं हौसेचं. पण एका जुलैत मला त्या दीड तासाची भीती बसली.

आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. बाबांचा फोन दुपारी आला. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. मी जी वस्तू हाताला लागेल ती पिशवीत टाकली आणि निघाले. बाहेर असा पाऊस की समोरची इमारत दिसत नव्हती. मुलुंडहून विमानतळ पंधरा-सोळा किलोमीटर. त्याला दोन तास चाळीस मिनिटं लागली. संध्याकाळचं विमान आधी एक तास उशिरा, मग दोन, मग फलकावर वेळ दिसेचना. आम्हाला न्यायला जे विमान येणार होतं ते मुंबईवर घिरट्या घालून दुसऱ्या गावी गेलं होतं, हे आम्हाला फार उशिरा सांगितलं. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला तेच वाक्य सांगत होती, आणि तिलाही काही माहीत नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रेल्वेचीही आशा नव्हती, घाटात पाणी आलं होतं. माझ्या हातात तिकीट होतं, त्यावर एक तास तीस मिनिटं. ऑपरेशन पहाटे ठरलं होतं आणि कागदावर माझी सही हवी होती, कारण बाबांचे हात थरथरत होते.

रात्री साडेअकराला त्यांचाच फोन आला. ‘‘बसून राहिली का तिथंच?’’

‘‘हो बाबा.’’

‘‘घाबरू नको. पावसात मेलचं विमानही उशिरा यायचं. आम्ही सगळे शेडमध्ये बसून राहायचो. चहा व्हायचा. कान मात्र वर.’’ मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. पलीकडून हॉस्पिटलच्या पंख्याचा आवाज येत होता. ‘‘मी गच्चीवर जाऊन थांबतो. आवाज आला की मला कळतंच.’’

विमान सुटलं रात्री पावणेदोनला. बाबांनी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी ज्या वेळेला थैल्या उतरवल्या असतील, साधारण त्याच्या तासभर पुढे मागे मी सोनेगावला उतरले. ढग पातळ झाले होते. टॅक्सीत बसेपर्यंत फोन वाजला. ‘‘उतरलीस ना? ऐकलं मी.’’ सही मी साडेचारला केली. आई त्यातून चांगली उठली, आज वॉकर घेऊन चालते. पण त्या रात्रीनंतर तिकिटावरचा दीड तास मी वाचते आणि मनात त्याला हात लावत नाही.

आता समृद्धी महामार्गही झाला. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी उघडला, ५ जून २०२५ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा, आणि ७०१ किलोमीटरची वाट पुरी झाली. आठ तासांत पोचता येतं, आम्ही एकदा गेलोही. ज्याच्या टेम्पोत संत्री आहेत त्याच्यासाठी ते आठ तास फार मोलाचे आहेत आणि मला त्याचा आनंद आहे. मला मात्र त्या रस्त्यावर बडनेरा लागलं नाही, कोणी ‘काहून’ म्हटलं नाही, आणि एकाएकी नागपूरचं टोक, शिवमडका आलं. मी गाडीतून उतरले तेव्हा अजून मुंबईतच होते.

बाबांना विमानात बसवायचं माझ्या मनात फार वर्षं होतं. आयुष्याची इतकी वर्षं ज्याने विमानांच्या पोटातलं सामान हाताळलं, तो माणूस ऐंशी ओलांडून गेला तरी एकदाही त्या पोटात बसला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस डोळे दाखवायच्या निमित्ताने ते चार दिवसांसाठी यायला तयार झाले. आईने घर सोडायला साफ नकार दिला. मावशीला तिच्यापाशी ठेवलं. मी त्यांना घ्यायला गेले, म्हणजे जायचं-यायचं दोन्ही मीच करणार होते, आणि त्यांना उजव्या हाताची खिडकी मागून घेतली.

संध्याकाळचं विमान होतं. नागपूर दिवसभर तापून भट्टी झालेलं. सव्वासहा होऊन गेल्यावर विमान निघालं तेव्हा सूर्य क्षितिजापासून थोडाच वर होता, चारेक बोटं. बाबांनी खिडकीला कपाळ टेकवलं. धावपट्टीच्या कडेला जुन्या इमारतींकडे बघत म्हणाले, ‘‘तिथं होतं आमचं शेड. नाही, त्याच्या पलीकडं.’’ मग जमीन सुटली आणि ते गप्प झाले.

विमान चढू लागलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. सूर्य तिथेच. मी आधी लक्ष दिलं नाही. बाबा मात्र मनगटावरचं घड्याळ बघत होते, पुन्हा बाहेर बघत होते. ‘‘हा खाली जाऊन नाही राहिला,’’ ते म्हणाले.

खरोखरच जात नव्हता. आम्ही पश्चिमेला ताशी आठशे किलोमीटरने पळत होतो. या अक्षांशावर पृथ्वी ताशी साधारण १५७० किलोमीटरने पूर्वेला फिरते, म्हणजे तिच्या अर्ध्या वेगाने आम्ही सूर्याच्या मागे होतो. शिवाय जसजसे वर चढत होतो तसतसं क्षितिज खाली सरकत होतं. दोन्ही मिळून सूर्य जागच्या जागी अडकला. खिडकीतून तिरका येणारा तांबडा उजेड बाबांच्या गालावर, पांढऱ्या खुंटांवर, मांडीवर ठेवलेल्या त्या घट्ट्याच्या अंगठ्यावर पडला होता आणि हलत नव्हता. हवाईसुंदरीने पाणी विचारलं, त्यांनी मान हलवली, बाहेर बघतच राहिले. खाली महाराष्ट्रात एकेक गाव अंधारत होतं. मला वाटलं, वाशीम झालं असेल, आता जालना. दिवे लागत होते. आमच्याकडे संध्याकाळ संपायचं नाव घेत नव्हती.

विमान उतरू लागलं तसा सूर्य भराभर गेला. सह्याद्रीवर शेवटची कड दिसली आणि ढगात विरली. चाकं टेकली तेव्हा साडेसातला तीन-चार मिनिटं कमी होती. जुहूच्या बाजूचं आभाळ अजून केशरी होतं. बाबांनी आईला फोन लावला.

‘‘दिवे लावले का?’’

‘‘केव्हाचेच. तुळशीपाशी पण लावला. रात्र झाली इथं.’’

‘‘इथं उजेड आहे अजून,’’ बाबा म्हणाले. शेजारचे लोक उठून सामान काढायला लागले होते, तरी ते बसून होते. ‘‘चांगला उजेड आहे. माणूस ओळखू येतो.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा पूर्वेच्या खिडकीत दिवा न लावता बाबा उभे होते. खांद्यावर पंचा, एका हातात फोन. खाली मिठागरं काळी, आकाशाला नुसता फिकट धूर. मी चहा ठेवायला आत वळले आणि फोन वाजला. पलीकडे आई होती. तिचा आवाज इतका मोठा असतो की मला ओट्यापाशीही ऐकू आला.

‘‘अहो, उगवला का तिकडं?’’

‘‘नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘वेळ आहे अजून. तू बोल.’’